कुठलाही बिघाड आढळला नाही

गेल्या थंडीतल्या एका शनिवारी सकाळी, आंघोळ आणि चहा उरकून, पूर्ण शुद्धीत असताना मी माझा उत्तम चालणारा लॅपटॉप स्वतःच्या हाताने बंद पाडला.

बंद पाडला म्हणजे आपटला नाही की त्यावर पाणी ओतलं नाही. तसली अडाणी कामं मी करत नाही. कॉम्प्युटरच्या डिस्कवर एक छोटासा लपवलेला भाग असतो आणि त्यात एक छोटी फाईल असते. मशीन चालू झालं की ऑपरेटिंग सिस्टीम कुठून उचलायची, हे त्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. मी काळ्या पडद्यावर तीन कमांड दिल्या आणि त्या फाईलचं नाव बदलून टाकलं. बस्स. मशीन चालू झालं, नेहमीच्या जागी फाईल शोधली, मिळाली नाही, आणि निळा पडदा दाखवून गप्प बसलं. आतलं सगळं जिथल्या तिथे. ज्याला हे काम येतं त्याला ते पाच मिनिटांत पूर्ववत करता येईल. आणि हे काम मी एकतीस वर्षं केलेलं आहे.

मग हा उद्योग कशासाठी? रविवारी कुणीतरी माझ्या घरी यावं म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं, आणि आता ते लपवण्यात अर्थही नाही.

मी दादरच्या एका कंपनीत कॉम्प्युटर विभागात होतो. काहीशे मशीनं, आणि त्या सगळ्यांवर जी ऑपरेटिंग सिस्टीम जायची तिची इमेज बनवायचं काम माझं. इमेज म्हणजे फोटो नव्हे. ऑफिसात निम्म्या लोकांना शेवटपर्यंत तेच वाटत होतं. इमेज म्हणजे एका तयार कॉम्प्युटरचा अख्खा साचा, एकाच फाईलमध्ये बंद केलेला. नवं मशीन आलं की त्यावर तो साचा उतरवायचा, की अर्ध्या तासात मशीन कामाला तयार. साच्यात एक चूक राहिली तर ती सगळ्या मजल्यांवर, सगळ्या टेबलांवर उमटणार. म्हणून त्या साच्याची निगा राखावी लागते. तो एका रिकाम्या फोल्डरमध्ये उघडायचा, त्याला माउंट करणं म्हणतात. मग आतलं जुनं काढायचं, नवं घालायचं, दुखणं असेल ते तपासायचं, आणि शेवटी दोनपैकी एक शब्द देऊन बंद करायचा. कमिट म्हणजे केलेलं जपून ठेव. डिस्कार्ड म्हणजे केलेलं सोडून दे. हे सगळं माउसने नाही, काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून. एक स्पेस चुकली तरी काम अडतं.

हे काम एकट्याचं आहे. ते मला आवडायचं. बाकीचे लोक मशीन जरा अडलं की म्हणायचे, "फॉरमॅट मारा साहेब." हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरायचं. फॉरमॅट मारा म्हणजे काय? आतलं सगळं पुसून टाका आणि कोरं करा. अरे, कशाने बिघडलं ते तरी बघाल? माणूस शिंकला की त्याला स्मशानात पोहोचवायला निघता का? मी कधी फॉरमॅट मारलं नाही. दोन दिवस लागले तरी बसून दुखणं शोधायचो. त्यामुळे लोक मला मानायचे, आणि त्याच कारणाने दुपारी डबा खायला कुणी माझ्या टेबलाशी यायचं नाही.

रविवारी जिने यावं असं मला वाटत होतं, ती ऑफिसात आली तेव्हा पंचवीसची होती. माझगावची, वडील गोदीत. माझ्या हाताखाली दिली. पहिल्या आठवड्यात तिने मला विचारलं, "सर, हे सगळं पाठ करायचं?" मी म्हणालो, "पाठ नाही, समजून घ्यायचं. पाठ आपोआप होतं." तिने खरंच समजून घेतलं. वर्षभरात ती माझ्याइतकी भरभर टाइप करायला लागली, आणि माझ्यापेक्षा कमी चिडायची.

तिच्या पहिल्याच वर्षातली एक गोष्ट मला सांगायलाच हवी. एका दुपारी तिने इमेज उघडली होती, तीन आठवड्यांचं काम आत घातलं होतं आणि कमिट दिलं होतं. कमिटला वेळ लागतो, पडद्यावर टक्के सरकत असतात. तेवढ्यात तिला फोन आला आणि ती पर्स उचलून निघून गेली. कुणाला काही बोलली नाही. थोड्या वेळाने इलेक्ट्रिशियनने बोर्ड बदलायला मेन बंद केला. मशीन गेलं आणि इमेज अर्धी लिहिलेली राहिली, म्हणजे मेलीच. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी तिला सगळ्या विभागासमोर झाडलं. "घराला आग लागली तरी उघडी इमेज टाकून जायचं नाही," असं म्हणालो. शब्द न् शब्द आठवतो. ती जिन्यात जाऊन रडली, हे मला नंतर शिपायाने सांगितलं. त्याहून नंतर कळलं की त्या दुपारी तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता.

मी माफी मागितली नाही. मागायची कशी ते मला ठाऊक नव्हतं. मी काय केलं, तर माझ्या कामाच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'काम उघडं ठेवून घरी जायचं नाही.' जणू चूक वहीत नोंदली की माझी बाजू संपली. पुढच्या सतरा वर्षांत तिने एकदाही इमेज उघडी ठेवली नाही. उशीर झाला तर घरी फोन करून सांगायची, पण कमिट संपेपर्यंत खुर्चीवरून उठायची नाही.

ती वही मी निवृत्त होताना तिला दिली. फुलस्केप, दोनशे पानी, कोपरे कुरतडलेले. कुठली कमांड कधी, कुठल्या चुकीवर काय, काय केलं तर हात भाजतात, सगळं त्यात होतं. पहिला महिना ऑफिसातून रोज फोन यायचे. सर, अमुक कुठे ठेवलंय? सर, तमुक चालत नाही. दुसऱ्या महिन्यात आठवड्याला एक. मग दिवाळीचा एक. मग तेही थांबलं. मी काम इतकं नीट लिहून ठेवलं होतं की मला विचारायची गरजच कुणाला उरली नव्हती. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. लक्षात आलं तेव्हा आपणच लिहिलेल्या त्या वहीचा मला राग आला.

मी लालबागचा. आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला आणि आम्हाला अठराव्या मजल्यावर जागा मिळाली. आम्हाला म्हणजे मला आणि आईला. लग्न मी केलं नाही. का नाही, याला काही मोठं कारण नाही, आज बघू उद्या बघू करता करता राहिलं. चाळीतले शेजारी सोडतीत निघालेल्या चिठ्ठ्यांप्रमाणे वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरले. लिफ्टमध्ये भेटले तर "काय, बरं?" म्हणतात, तेवढ्यात त्यांचा मजला येतो. आईला लिफ्टची भीती वाटायची. ती खिडकीशी बसायची आणि म्हणायची, "ह्या घरात माणसाचो आवाज येणा नाय." मी म्हणायचो, आई, शांतता आहे ती, मिळत नाही लोकांना. एवढं बोलून मी कामाला निघून जायचो. वर्षभरात ती गेली. त्याला आता तीन वर्षं झाली. ती काय म्हणत होती ते मला निवृत्त झाल्यावर कळलं, जेव्हा सकाळचे अकरा कसे वाजवायचे हा प्रश्न मला पडायला लागला. काही दिवस असे गेले की संध्याकाळी फोनवर चुकीच्या नंबरवाल्याशी बोलताना माझा आवाज घोगरा यायचा, कारण सकाळपासून तो वापरलेलाच नसायचा.

त्या शनिवारी लॅपटॉप बंद पाडून मी तिला फोन लावला. म्हटलं, "अगं, माझं मशीन गेलं. सकाळी अकराच्या सुमारास आपोआपच बंद पडलं."

"तुमचं मशीन? सर, तुमचं?" तिला हसू आवरत नव्हतं. "मग करा की. तुम्हाला कोण शिकवणार?"

"मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना. काळ्या पडद्यावरची बारीक अक्षरं लागत नाहीत आता."

हे दुसरं खोटं. ऑपरेशन झालं होतं हे खरं, पण ते इतकं छान झालं होतं की खालच्या रस्त्यावरच्या बसचा नंबर मला अठराव्या मजल्यावरून वाचता यायचा. तिच्या घरी सासू, नवरा, शाळेत जाणारी मुलगी. रविवार हा तिच्याकडे असलेला एकमेव दिवस, हे मला माहीत होतं. तरी मी गप्प राहिलो, कारण मी काही बोललो असतो तर 'राहू दे' हेच तोंडून आलं असतं.

"येते सर उद्या. दहा-साडेदहापर्यंत. आणि कुणा दुकानवाल्याला हात लावू देऊ नका, तो फॉरमॅट मारेल."

फोन ठेवला आणि मी बाजारात जाऊन बांगडे घेऊन आलो.

रविवारी ती आली. केसांत कानाशी थोडं पांढरं दिसत होतं, ऑफिसात माझ्या लक्षात आलं नव्हतं. घर बघून म्हणाली, "किती व्यवस्थित ठेवलंय सर." व्यवस्थित कसलं, हलवायला कुणी नसलं की वस्तू जागच्या जागी राहतात. तिने पिशवीतून दुरुस्तीचा पेनड्राइव्ह काढला, आणि त्याच्यामागून माझी वही. तीच फुलस्केप. वहीला आता तपकिरी कव्हर घातलेलं होतं.

"ही कशाला आणलीस? तुला सगळं येतं."

"असू दे. तुमच्यासमोर बसायचं म्हणजे जवळ असलेली बरी."

तिने पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला. काळा पडदा आला. ही दुरुस्तीपुरती तात्पुरती सिस्टीम असते, बहात्तर तास चालते आणि मग स्वतःहून बंद होऊन मशीन पुन्हा सुरू करते. ते तिला मीच शिकवलेलं. मी तिच्या मागे चार फुटांवर खुर्ची घेऊन बसलो आणि डोळे किंचित बारीक करून ठेवले.

"सर, बॅकअप आहे का?"

आता हा प्रश्न मला कुणी विचारणं म्हणजे माझा अपमान. मी ताडकन म्हणालो, "म्हणजे काय? माझ्याकडे बॅकअप नसेल?" आणि कपाटातून डिस्क काढून तिच्या हातात दिली.

दिली, आणि त्याच क्षणी चूक लक्षात आली. कारण एकतीस वर्षांची सवय. कुठल्याही मशीनला हात लावायच्या आधी त्याची पूर्ण इमेज काढून ठेवायची. दुरुस्त करताना काढायची, तशी बिघडवतानाही मी काढली होती. शनिवारी सकाळी लॅपटॉप बंद पाडण्याआधी मी इमानेइतबारे त्याचा अख्खा साचा काढून त्या डिस्कवर ठेवला होता. चोरी करायला निघालेल्या माणसाने पोलीस चौकीत नाव-पत्ता लिहून जावं, तसं ते झालं.

तिने डिस्क जोडली, यादी मागवली. एकच फाईल. तारीख शनिवारची, वेळ दहा चाळीस. अकराच्या सुमारास 'आपोआप' बंद पडलेल्या मशीनचा बॅकअप, वीसच मिनिटं आधीचा. ती ओळ पडद्यावर होती आणि आम्ही दोघंही ती बघत होतो. मी कॅलेंडरकडे बघायला लागलो.

ती म्हणाली, "छान आहे. ताजाच आहे बॅकअप. मग आता घाई नाही."

मी चहाच्या निमित्ताने आत गेलो. गॅसपाशी उभा राहून स्वतःला भरपूर शिव्या दिल्या. बाहेर येऊन बघतो तर तिने बॅकअपची इमेज एका फोल्डरमध्ये माउंट केलेली. म्हणाली, आधी सिस्टीमच्या फायली तपासून घेऊ, काही खराब निघालं तर या चांगल्या इमेजमधून घेता येईल. पुस्तकी पद्धत, चूक काही नाही. पण ज्या छोट्या फाईलमुळे मशीन बंद होतं, तिच्याकडे ती वळलीच नव्हती, आणि सुरू न होणाऱ्या मशीनमध्ये सगळ्यात आधी तिथेच बघायचं असतं. ते त्या वहीत सातव्या पानावर आहे.

तपासणी चालू झाली. टक्के सरकायला लागले. माझी डिस्क जुनी, म्हणजे तास सव्वा तास कुठे गेला नाही. आम्ही बोललो. खरं म्हणजे ती बोलली आणि मी ऐकलं. ऑफिसात आता बरंचसं काम दुसऱ्या शहरातून होतं. तिच्या शेजारची टेबलं रिकामी आहेत. "दुपारी डब्याला मी एकटीच असते सर. तुमच्या त्या टेबलाशी बसते." मुलगी आता खोलीचं दार लावून घेते. वडील गेले, त्याला सहा वर्षं झाली. मी म्हणालो, "हो का." सहा वर्षांपूर्वी आम्ही एकाच खोलीत आठ तास बसत होतो आणि तिचे वडील गेलेले मला चार दिवसांच्या रजेपलीकडे माहीत नव्हते.

तपासणी संपली. पडद्यावर ओळ आली, इंग्रजीत, पण तिचा अर्थ असा की कुठलाही बिघाड आढळला नाही.

"सगळं ठीक आहे म्हणतंय," ती म्हणाली.

"म्हणतंय खरं."

"मग चालू का होत नाही सर?"

ती पुन्हा काहीतरी टाइप करायला लागली आणि मी सवयीने म्हणालो, "स्लॅश उलटा पडलाय."

तिचे हात थांबले. चार फुटांवरून, मागून, तिच्या खांद्यावरून, काळ्या पडद्यावरचा एक स्लॅश. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "दिसतं की सर," ती म्हणाली आणि हसली. ते हसणं टोमणा मारणारं नव्हतं. तसं असतं तर मला सोपं गेलं असतं.

जेवायला बसलो. बांगड्याचं तिखलं आईसारखं जमलं नव्हतं, तरी तिने दोनदा घेतलं. जेवताना तीच म्हणाली, "आठवतं का, पहिल्या वर्षी मला किती झापलं होतं तुम्ही? घराला आग लागली तरी." तिने माझा आवाज काढून दाखवला. माझ्या तोंडात घास होता. तो गिळून मी जे बोलायचं ते बोलायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "भात घे अजून."

चार वाजता ती उठली. मशीन अजून बंदच होतं. पिशवी भरत म्हणाली, "अर्धं राहिलं सर. इमेज उघडीच ठेवते. मशीन बंद करू नका, चार्जर काढू नका. मंगळवारी ऑफिस सुटल्यावर येते. बहात्तर तासांच्या आत होईल."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. उघडीच ठेवते? माझ्यासमोर? सतरा वर्षांत जे कधी केलं नाही ते आज, माझ्याच घरात? मी तिला दाराशी सोडायला गेलो तेव्हा रागच आला होता. एवढा नियम, आणि तो सोडला. माझं मशीन म्हणून निष्काळजी झाली की काय. की तिला आता फरकच पडत नाही, एका म्हाताऱ्याची रविवारची कटकट उरकली, राहिलं ते राहिलं. लिफ्टचं दार बंद झालं आणि मी घरात आलो तर दोन ताटं, दोन पेले आणि टेबलावर तो उघडा काळा पडदा.

रविवार रात्र, सोमवार, मंगळवार मी त्या लॅपटॉपची राखण केली. कुणाला हसू येईल, पण मी चार्जरचा प्लग दिवसातून दहादा चाचपून बघितला. बाहेर गेलो नाही. मंगळवारी संध्याकाळी सहापासून दाराकडे कान. सात वाजता तिचा मेसेज आला. मुलीची उद्या परीक्षा आहे, आज जमत नाही, उद्या सकाळी ऑफिसला जाताना दहाच्या आत येते.

बुधवारी मी पाचला उठलो. साडेदहाला मुदत संपणार होती. पावणेदहा झाले तरी ती आली नाही. आता दोनच गोष्टी शक्य होत्या. मी एक ओळ टाइप करून इमेज नीट बंद करायची, म्हणजे केलेलं काम वाचेल, पण मग मला दिसतं आणि मला येतं हे कबूल केल्यासारखं झालं, आणि पुढच्या वेळी तिला बोलवायला माझ्याकडे काही उरणार नव्हतं. किंवा हात न लावता बसून राहायचं, म्हणजे ती येईल तरी, पण साडेदहाला सगळं उघड्यावर बंद पडेल. एकतीस वर्षं ज्या नियमावर मी लोकांना झाडलं तो मी स्वतः मोडायचा, केवळ कुणी घरी यावं म्हणून. मला माझीच लाज वाटली.

निदान बघू तरी, आत काय काय केलंय. उघड्या इमेजची नुसती माहिती मागवणारी एक कमांड असते, तिने काही बदलत नाही. ती मी दिली. चार ओळी आल्या. कुठली इमेज, कुठल्या फोल्डरमध्ये, स्थिती ठीक. आणि शेवटची ओळ, आत लिहिता येतं का, तर नाही.

मी ती ओळ तीनदा वाचली. तिने इमेज उघडली होती ती फक्त वाचण्यासाठी. मी आत चहा करत होतो तेव्हा. अशा उघडलेल्या इमेजमध्ये काही लिहिताच येत नाही. म्हणजे त्यात जपायला काही नव्हतं, गमवायलाही काही नव्हतं. वीज गेली असती, मुदत संपली असती, प्लग निघाला असता, तरी केसाइतकंही नुकसान नव्हतं. ती माझा नियम विसरली नव्हती. मी बॅकअप तिच्या हातात दिला त्या घडीलाच तिला सगळं कळलं होतं, आणि मला पुन्हा बोलवायला निमित्त लागेल हेही. ते तिने उघडं ठेवलं होतं.

माझे डोळे भरून आले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच पडद्यावरचं खरोखर दिसेनासं झालं.

मग डोळे पुसून मी खुर्ची पुढे ओढली. इमेज बंद केली, डिस्कार्ड. लपवलेला भाग उघडला, त्या छोट्या फाईलचं मूळ नाव तिला परत दिलं. पेनड्राइव्ह काढून मशीन सुरू केलं. आवाज न करता ते चालू झालं, शनिवारी जसं होतं तसं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मी तिला फोन लावला. मागे बसचा आवाज येत होता.

"सर, निघालेच आहे, भायखळ्याला ट्रॅफिक आहे. बंद करू नका हं."

"मशीन चालू झालं," मी म्हणालो. "मीच केलं. आणि बंदही मीच पाडलं होतं."

"माहीत आहे सर."

"तू आता ऑफिसला जा. धावतपळत येऊ नकोस." एवढं बोलून मी थांबलो. फोन ठेवायची ही नेहमीची जागा होती. "आणि त्या दिवशी, वडिलांच्या वेळी, तू इमेज टाकून गेलीस ते बरोबर होतं. मी बोललो ते चुकीचं होतं."

पलीकडे बसची घंटा वाजली.

"संध्याकाळी ये," मी म्हणालो. "काही बिघडलेलं नाही. नुसतीच ये."

"येते," ती म्हणाली. मग नेहमीसारखं विचारलं, "सर, जेवायला काही घेऊन येऊ, की घरात आहे काही?"

"घरात काही नाही," मी म्हणालो. आई गेल्यापासूनच्या तीन वर्षांत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.